संपूर्ण नाव, आडनावासह

व्यवस्थापकाचं आयुष्य पूर्वी फार सोपं होतं. काम झालं की नाही एवढंच त्याला बघावं लागे; आणि झालं नसेल तर ते कुणामुळे, हे एकदा ठरवलं की तो घरी जायला मोकळा. आता काम होत असताना पृथ्वीला त्रास होतो का, कुणाचा सन्मान दुखावतो का, आणि आपल्या संगणकाच्या मनात कुणाविषयी आकस आहे का, याचीही उत्तरं त्याला तिमाही संपायच्या आत द्यावी लागतात.

बेंगळूरूत मारतहळ्ळीजवळ रिंग रोडवरच्या एका कंपनीत ही उत्तरं देण्याची जबाबदारी दयानंदवर आली. दयानंद मूळचा खानापूरचा, वय सेहेचाळीस, स्वभावाने गरीब. ‘सद्विवेक समन्वयक’ हे नवं पद कुणाला द्यावं याची बैठक झाली, त्या दिवशी तो मुलीच्या दाखल्यासाठी रजेवर होता. त्यामुळे निवड एकमताने झाली.

कंपनीचं मुख्यालय उत्तरेकडच्या एका थंड देशात आहे. तिथे हिवाळ्यात दिवसाही अंधार असतो, त्यामुळे विचार करायला भरपूर वेळ मिळतो. तिथून एकशे चाळीस प्रश्नांची प्रश्नावली आली आणि दयानंदने ती तीन आठवडे खपून भरली. पाण्याचा स्रोत? टँकर. त्या स्रोताचा स्रोत? रस्ता. परिसरातील जैवविविधता? पारवे सहा, मांजर एक, पँट्रीतल्या मुंग्या (मोजणी चालू). वाहनांचा वेग मर्यादित ठेवण्यासाठी काय योजना केली? शहराने केली आहे. या शेवटच्या उत्तराला मुख्यालयाने हिरवी खूण दिली आणि इतर शाखांनी बेंगळूरूचा आदर्श घ्यावा असं पत्र काढलं.

प्रश्न क्रमांक नऊ असा होता: ‘आपल्या आवारात काम करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचं नाव आपणांस ठाऊक आहे काय?’ दयानंदने ‘होय, शंभर टक्के’ असं लिहिलं. असल्या प्रश्नाला कुणी नव्वद टक्के लिहीत नाही.

घोटाळा सत्त्याऐंशीव्या प्रश्नावर झाला. ‘आपल्या कार्यालयात एक व्यक्ती दुसऱ्या व्यक्तीला जागेवर पेय आणून देते काय?’ दयानंदने ‘होय, अकरा वाजता आणि चार वाजता’ असं लिहिलं. त्याला ती अभिमानाची गोष्ट वाटली होती. कारण ते पेय अक्का आणून देत असे.

अक्का पन्नाशी उलटलेली, इथेच जन्मलेली, घरी मराठी बोलणारी आणि दारात कन्नड. अकरा वर्षं ती नवव्या मजल्यावर कॉफी देत होती. कोण बिनसाखरेची पितो, कुणाचं घरी वाजलंय, कुणाला आज एक कप पुरणार नाही, हे तिला न विचारता कळे. दयानंद आणि मनुष्यबळ विभागातली मुग्धा एकच कॉफी दोघांत घेत, म्हणजे इथली बाय-टू. त्यातला वरचा फेस मुग्धाला आणि खालची दाट दयानंदला, हा निवाडाही अक्कानेच केला होता. या वयात दुसरी नोकरी मिळणं अवघड, हे तिला माहीत होतं, आणि दयानंदलाही.

मुख्यालयाने लाल खूण केली. माणसाने माणसाला कॉफी नेऊन देणं हा मानवी सन्मानाचा भंग असल्यामुळे सदर व्यक्तीला तिमाहीअखेर ‘सन्मानपूर्वक मुक्त’ करावं, असा आदेश आला. मुक्त होऊन तिने पुढे काय करावं हे आदेशात नव्हतं, कारण तो तिचा खासगी प्रश्न होता.

ताबडतोब कॉफीचं यंत्र आलं. त्याच्याविषयी आपुलकी वाटावी म्हणून त्याचं नाव ठेवण्याची स्पर्धा झाली. दोनशे चौदा नावं आली. परीक्षकांनी तीन बैठका घेऊन ‘सखी’ हे नाव निवडलं आणि त्याची पितळी पाटी यंत्रावर बसवली.

मग मुक्तिपत्राचा नमुना भरायला घेतला. त्याच्या पहिल्याच ओळीत ‘संपूर्ण नाव, आडनावासह’ असं होतं. दयानंदने पेन टेकवलं आणि ते तसंच टेकलेलं राहिलं.

‘‘मुग्धा, अक्काचं नाव काय?’’

‘‘अक्काच ना?’’ मुग्धा म्हणाली. ती पुण्याची. ‘‘आय मीन, मला वाटलं तेच नाव आहे. मी तर तिला दिवाळीचं कार्डपण तसंच लिहिलं होतं!’’

कंत्राटदाराच्या यादीत ‘हाउसकीपिंग-४’ असं होतं. कंत्राटदारही चौथा, त्याला अक्का आणि फरशी पुसायचे दांडे एकाच यादीत मागच्याकडून मिळाले होते.

तिला सरळ विचारावं हा उपाय पहिल्याच बैठकीत फेटाळला गेला. विचारलं म्हणजे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं म्हणजे प्रश्न नऊचं उत्तर खोटं. खोट्या उत्तराला तीन लाल खुणा आणि वर चौकशी. तेव्हा न विचारता नाव काढण्यासाठी सात जणांची समिती नेमली. समितीने रांगोळी स्पर्धा ठेवली. अक्काचा पहिला नंबर आला आणि रांगोळीखाली तिने ‘नववा मजला’ असं लिहिलं. समितीने तिचा वाढदिवस केला. केकवर काय लिहू म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, ‘‘फूल काढा की एक.’’ शेवटी चेहरे ओळखणारी नवी संगणकप्रणाली लावली. तिने अक्काला आग विझवायचं नळकांडं म्हणून ओळखलं (खात्री बासष्ट टक्के), कारण अकरा वर्षं ती त्याच्याच शेजारी उभी राहत आली होती.

तिमाही संपायला दोन दिवस उरले तेव्हा अक्काने दयानंदला पँट्रीत गाठलं.

‘‘अण्णा, सगळे माझ्या मागं का लागलेत? वाढदिवस काय, बक्षीस काय. मला काढणार का?’’

दयानंद मान खाली घालून म्हणाला, ‘‘पत्र तयार हाय अक्का. फकस्त तुझं नाव घालायचं राहिलंय.’’

‘‘अय्यो, मग विचारायचं नाही का स्वल्प? अकरा वर्षं झाली, कोणी विचारलं नाही म्हणून मी बोलले नाही. माझं नाव—’’

‘‘नको!’’ दयानंद इतक्या जोरात ओरडला की सखीने घाबरून एक कप दूध ओतलं. ‘‘सांगू नको अक्का. मला कळलं की मला लिवावं लागंल.’’

अक्काने त्याच्याकडे पाहिलं. तिला कळायला वेळ लागला नाही. ‘‘सरी, बरं,’’ ती म्हणाली, आणि ओठांवर आलेलं नाव गिळून तिने पातेलं घासायला घेतलं. त्या क्षणी दयानंदला जितकी लाज वाटली तितकी दहावीत गणितात नापास झाल्यावरही वाटली नव्हती.

मग त्याने मुख्यालयाला कळवलं: ‘सखोल शोध घेतला. सात जणांच्या समितीला व संगणकालाही पेय आणून देणारी कोणतीही व्यक्ती कार्यालयात नावानिशी आढळली नाही.’ यातला शब्दन् शब्द खरा होता. मुख्यालयाने लाल खूण पुसली आणि मानवी सन्मानाबद्दल शाखेला काचेचं एक मानचिन्ह पाठवलं. ते पुसायचं काम हाउसकीपिंग-४ कडे आहे.

अक्का अजून अकरा वाजता कॉफी आणते. ती कार्यालयात नाही हे आता सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे तिला कुणी काढू शकत नाही.

मुख्यालयाला कळवलं त्या संध्याकाळी दयानंदने घरी बायकोला सहज विचारलं, ‘‘वीणा, आपल्याकडं भांड्याला येतात त्यांचं नाव काय गं?’’

‘‘अक्का,’’ वीणा म्हणाली. ‘‘का?’’

महाराष्ट्रातल्या वाचकांना ही सगळी भानगड जरा चमत्कारिक वाटेल, आणि ते साहजिक आहे. तिकडे अक्का म्हणण्याची पद्धत नाही. तिकडे मावशी म्हणतात, आणि रोज सकाळी आपल्या घरी येणाऱ्या मावशीचं संपूर्ण नाव, आडनावासह, कुणाला ठाऊक नसेल असं कसं होईल?