जाताजाता

कार्यालयातले एक प्रोग्रामर 'गो' नावाच्या संगणकभाषेत प्रोग्राम लिहीत. त्या भाषेत 'डिफर' नावाची एक शहाणी सोय आहे. फाइल उघडली की तिथल्या तिथे ती बंद करायचा हुकूम लिहून ठेवायचा. हातातलं काम संपवून बाहेर पडताना तो आपोआप पाळला जातो. हुकूम अनेक असतील तर शेवटचा आधी, पहिला शेवटी. मजकूर मात्र लिहिताना जो होता तोच. मागाहून जग बदललं तरी त्यात बदल नाही.

हे त्यांनी एकदा चहा पिताना साहेबांना समजावलं. चूक तिथे झाली.

सोमवारी परिपत्रक निघालं : 'जो जे उघडेल, त्याने ते बंद करण्याची चिठ्ठी तत्क्षणी लिहून टेबलावरच्या सळईत खोचावी. अंमलबजावणी कार्यालय सोडताना, वरून खाली. अन्य कामांनाही हाच नियम.'

प्रोग्रामरांनी सकाळी पहिली चिठ्ठी खोचली ती जिवाभावाची. सहाला लेकीचं शाळेत नाटक होतं, तिथे जाऊन तिच्या राणीला शाबासकी द्यायची.

दुपारपर्यंत कार्यालयात एकही कपाट, खिडकी की नळ बंद उरला नाही.

"साहेब, पाणी जिन्यात आलं!" प्रोग्रामर म्हणाले.

"नळाची चिठ्ठी खोचलीय ना?"

"खोचलीय."

"मग पाणी नियमातच आहे."

"अहो, कामाचे छोटे तुकडे करा. तुकडा संपला की त्याच्या चिठ्ठ्या तिथेच निकालात निघतील."

"तुकडा म्हणजे नवं काम. त्याला मंजुरी लागते. जाताजाता बघू."

पाच वाजता प्रोग्रामरांनी चिठ्ठ्या उपसायला घेतल्या. त्रेचाळीस होत्या.

"साहेब, तळातली एक आधी काढू? फार महत्त्वाची आहे हो."

"म्हणूनच पहिली लिहिलीत ना? मग ती तळाशीच असणार. भाषा तुमची, आम्ही फक्त अंमल करतो."

तळ लागला तेव्हा आठ वाजले होते. शाळेच्या पायरीवर लेक एकटीच बसली होती. धापा टाकत, चिठ्ठीवरची नजर न काढता त्यांनी वाचलं, "वा! राणी झकास वठवलीस!"

"बाबा, वर बघ ना."

तिच्या डोक्यावर कागदी शिंगं होती.

"राक्षसाला दुपारी ताप आला, म्हणून मी राक्षस झाले. राणी झाली बाईंची भाची." तिने चिठ्ठी हातातून काढून घेतली. "हे तू सकाळीच लिहिलं होतंस?"

प्रोग्रामरांनी शिंगं नीट करायला हात पुढे केला, तर तिने डोकं मागे घेतलं.

वाचकहो, हसा खुशाल. पण ही गोष्ट वाचायला घेताना आतून कुणीतरी हाक मारली होती आणि तुम्ही "आलोच" म्हणालात. ती चिठ्ठी सळईत कितवी आहे, तेवढं बघा. जाताजाता नको, आत्ताच.