नऊ विहिरी आणि एक नाव

सन दोन हजार बावीस, महिना माघाचा. त्या साली आमच्या पालीत 'गावहाक' आली, आणि गावावर कसलंही संकट येऊ द्या, पहिली हाक आपणच देणार, असं शांतादेवीनं नळावर चार बायकांत जाहीर करून टाकलं. वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, पण जीभ अजून बिनदुरुस्तीची.

गावहाक म्हणजे एक नंबर. तो फिरवायचा, टुंग वाजलं की तीस सेकंदांत संकट सांगायचं. तोच आवाज लगेच गावातल्या अकराशे फोनांवर वाजायचा. जोडीला नऊ स्वयंसेवकांचं पथक. नारिंगी जाकीट, शिट्टी, दोर आणि एक स्ट्रेचर. पथकाचा प्रमुख केदारनाथ. त्याचं कापडाचं दुकान, आणि ताग्याखेरीज आजवर त्यानं काही उचललेलं कुणी पाहिलं नव्हतं. शांतादेवी नाव नोंदवायला गेली तर ह्या गृहस्थानं नाव न विचारताच वहीत लिहिलं, 'काकू, चहापाणी'.

आता तुम्हीच सांगा, राग येणार नाही का? एकोणनव्वद साली बिंदुसरा नदीला पूर आला तेव्हा हीच बाई पत्र्यावर चढून परात बडवत उभी होती. सगळी वस्ती उठवली तिनं. तेव्हा केदारनाथ पाळण्यात होता आणि परातीच्या आवाजानं रडत होता. जाकीट नव्हतं, शिट्टी नव्हती, अन् तीस सेकंदांत आवरा असं म्हणायची कुणाची छातीही नव्हती. शांतादेवीनं तिथल्या तिथं सुनावलं, की चहा तुझ्या आईला करायला सांग, मी हाक देणार. शेवटी तीन दिवसांच्या शिबिराला तिलाही बसवलं. तिथं शिकवलेलं तिनं पाठ केलं. आधी आपलं नाव, मग ठिकाण, मग काय झालं ते. आणि एकेकाला फोन करत बसायचं नाही. थेट गावहाक.

आठच दिवसांत संधी चालून आली. म्हणजे विहिरीत उतरली.

धरणाच्या खालच्या अंगाला नऊ विहिरी एका रांगेत आहेत, पण दोन विहिरींच्या मधे माणूसभर उंच ऊस आणि हाक पोचणार नाही इतकं अंतर. सगळ्यांवर चिंच, सगळ्यांना दगडी थारोळं, म्हणजे मोटेचं पाणी पडायची जुनी कुंडी, आणि प्रत्येकीला मालकाचं नाव. त्यातल्या शांतादेवीच्या विहिरीतली मोटार अडकली म्हणून जलालुद्दीन मिस्त्री दुपारी दोर बांधून खाली उतरला. तीस वर्षं हा माणूस पाण्यातून मोटारी काढतोय, पण पोहता येत नाही, हे त्या दिवशी समजलं. दोर कपारीवर घासून तुटला आणि मिस्त्री छातीभर पाण्यात पाईपला मिठी मारून राहिला. खाली दोन पुरुष खोल पाणी. वर शांतादेवी एकटी. धरून ओढावं तर दोर नाही, गावात पळावं तर गुडघे नाहीत. घरात फोन एकच, तो नशिबानं तिच्या कमरेला होता. नवरा गावात दाढी करायला गेला होता.

"मिस्त्री, भिऊ नका," तिनं वरून सांगितलं. "मी शिबिर केलंय."

नंबर फिरवला. टुंग झालं.

"मी शांतादेवी बोलते. आमच्या विहिरीत माणूस अडकलाय. चिंचेखालच्या. आमच्या ह्यांच्या विहिरीत. लवकर या."

झालं की नाही सगळं नियमाप्रमाणं? नाव, ठिकाण, काय झालं ते. पण गंमत अशी, की शांतादेवी कोण हे गावात कुणाला माहीतच नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती आधी वहिनी, मग काकू. आणि गावात काकू चाळीस तरी असतील. राहिलं 'आमचे हे', तर ते घरोघरी एक. अकराशे फोनांवर एक बाई घाबऱ्या आवाजात आमच्या ह्यांच्या विहिरीत म्हणाली, आणि प्रत्येक घरधनी आपापल्या विहिरीकडे धावत सुटला. नवव्या विहिरीचा मालक सोडून. त्याच्या गालाला तेव्हा साबण लागला होता आणि फोन बायकोकडे होता.

इकडं दहा मिनिटं झाली तरी कुणी येईना. खालून जलालुद्दीन म्हणाला, "काकू, नुसतं आमचे हे म्हणल्यावर कसं कळंल? नाव सांगा ना चाचांचं."

शांतादेवीनं पदर तोंडाला लावला. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात, तेही पाच-सहा वेळा. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूबाईंनी उंबऱ्यातच सांगितलं होतं. सासूबाईंच्या धाकानं ती एसटीलासुद्धा गाडीच म्हणायची. बस म्हटलं तर अर्धं नाव घेतल्यासारखं होईल! आणि ते आता अकराशे घरांत एकदम घ्यायचं? नंबर फिरवण्याआधी तिनं मिस्त्रीलाच एकदा नाव घ्यायला लावून पाहिलं, तर विहिरीनं त्याचा नुसता घुमारा केला.

मग तिनं डोकं चालवलं. दुसऱ्यांदा नंबर फिरवून सांगितलं, की महादेवासमोर जो बसतो ना, त्याचं नाव आमच्या ह्यांचं, त्याप्रमाणं समजून घ्या आणि लवकर येऊन माणसाला उचला.

पथकानं समजून घेतलं. केदारनाथनं शिट्टी फुंकली आणि नऊच्या नऊ जाकिटं महादेवाच्या देवळात शिरली. महादेवासमोर पुजारी गहिनीनाथ भरपेट जेवून आडवा झाला होता. पथकाला वाटलं, हाच तो, बेशुद्ध. शिबिरात शिकवल्याप्रमाणं मान न हलवता त्याला स्ट्रेचरवर घेतलं, तीन पट्टे आवळले आणि जीपमध्ये घातलं. गहिनीनाथ जागा होऊन ओरडायला लागला, तेव्हा केदारनाथनं त्याला धीर दिला, की धक्क्यानं असं बरळतात, बोलू नका. जीप दवाखान्याकडे गेली. तिच्यातच पथकाचा दोर होता.

खाली जलालुद्दीनचे ओठ निळे पडत चालले होते. "काकू, हात सुटायलेत," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. शांतादेवीनं आपलं लुगडं सोडून खाली टाकायचाही विचार केला, पण नऊवारीसुद्धा तिथवर पुरणार नव्हतं. मग तिला सुचलं, की उखाण्यात नाव घ्यायला कुठं बंदी आहे? देवाब्राह्मणांसमोर घेतलंय की. तिसऱ्यांदा टुंग झालं आणि शांतादेवीनं थारोळ्यावर उभं राहून, डोक्यावर पदर घेऊन सुरुवात केली:

"बिंदुसरेच्या काठाला दुपारची झळ,
मिस्त्री बुडाला छातीभर, हातात न्हाई बळ,
दोर आणा, बाज आणा, धावा गं सयांनो,
चिंचेखाली उभी मी, ऐका गाववाल्यांनो,
सोन्याच्या ताटात मोत्यांचा तुरा…"

टुंग. तीस सेकंद संपले.

उखाण्यात नाव शेवटी येतं, हे त्या यंत्र बनवणाऱ्याला कुणी सांगायला नको? शांतादेवीला असा संताप आला, की यंत्र समोर असतं तर तिनं त्याला त्याच विहिरीत ढकललं असतं. गावात तर ह्या हाकेनं कहरच झाला. कुणाच्या तरी घरी डोहाळजेवण आहे आणि बाईनं चुकून भलताच नंबर दाबला, असं समजून विहिरींवर धावलेले लोक शिव्या देत घराकडे वळले. दोन बायका तर पुढची ओळ जुळवायला बसल्या.

"काकू," खालून आवाज आला. "माझ्या शाईस्ताला सांगा…"

शांतादेवीनं खाली वाकून पाहिलं. मिस्त्रीचा एक हात पाईपवरून सुटला होता.

तिनं चौथ्यांदा नंबर फिरवला. टुंग वाजलं. तिनं पश्चिमेच्या मसणवट्याकडे बघून हात जोडले, सासूबाईंची माफी मागितली, त्यात सहा सेकंद गेले. मग डोळे घट्ट मिटले.

"बसप्पा!" ती ओरडली. "बसप्पाची विहीर! बसप्पाची! बसप्पा, अहो, या ना!"

सलूनवाल्याचा फोन इतका वेळ बंद पडून आरशाखाली चार्जिंगला होता, तो नुकताच सुरू झाला होता. खुर्चीत बसलेल्या बसप्पानं, म्हणजे महादेवासमोरच्या नंदीचं, बसवाचं नाव लावणाऱ्या तिच्या नवऱ्यानं, तो आवाज ऐकला आणि एका गालाला साबण, गळ्याला टॉवेल अशा थाटात तो उठून जो पळाला, तो थेट विहिरीवर. सत्तरीचा माणूस, पण वाटेत दोघा तरुणांना मागं टाकलं म्हणे. ते तरुण शेजारच्या विहिरीवरून शिव्या देत परतताना ही हाक ऐकून उलटे फिरलेले, त्यांच्या खांद्यावर दोर होता. तिघांनी मिळून जलालुद्दीनला वर ओढलं. तो काठावर पडून खोकतोय, पाणी ओकतोय, आणि बसप्पा बायकोकडेच बघत उभा.

"मला हाक कुणी मारली?" त्यानं विचारलं.

"यंत्रानं," शांतादेवी म्हणाली आणि तोंड फिरवलं.

ह्याला आता काही वर्षं झाली. जलालुद्दीन ठणठणीत आहे. मोटार काढायला गेला की आधी मालकाच्या दारात उभा राहून विचारतो, घरातल्या बाईला मालकाचं नाव घेता येतं का, आणि मगच दोर सोडतो. त्याच्या बायकोनं, शाईस्तानं त्याला पोहायलाही शिकायला लावलं, पण तो गुडघाभर पाण्याच्या पुढं गेलेला नाही. गहिनीनाथचा दवाखान्यात रक्तदाब तपासला तर खरंच वाढलेला निघाला. रोज एक गोळी घेतो आणि सांगतो, की स्ट्रेचरवर बांधल्यामुळंच तो वाढला. केदारनाथच अजून पथकप्रमुख आहे. त्यानं नऊ विहिरींवर पांढऱ्या रंगानं आकडे घातले, म्हणजे पुन्हा कुणाच्या नावाची गरज नको. त्यातही सहा आणि नऊ सारखेच काढलेत, पण ते असो.

गावहाकेचा निरोप यंत्रात दोन दिवस राहतो, एक दाबलं की पुन्हा ऐकू येतो. ते दोन दिवस बसप्पा सलूनमध्येच बसून होता. दाढी केव्हाच झाली होती.

आणि शांतादेवी? तिचा जिल्ह्याच्या गावी सत्कार झाला. शाल, नारळ, टाळ्या. निवेदकानं माईक पुढं करून सांगितलं, आपलं पूर्ण नाव सांगा. तिनं आपलं नाव सांगितलं, थांबली, आडनाव सांगितलं. निवेदक म्हणाला, "मधलं राहिलं, आजी."

शांतादेवीनं माईक त्याच्या हातात परत दिला.

"एकदा सांगितलंय," ती म्हणाली. "अकराशे लोकांनी ऐकलंय. आता तुमच्यासाठी पुन्हा कावून?"