माझे चाळीस सेकंद कुठे आहेत?

डगआउटमध्ये टोपी डोळ्यांपर्यंत ओढून बसणाऱ्या साहेबांवर माझा सरळ आरोप आहे. साहेब, तुम्ही माझे चाळीस सेकंद दाबून ठेवलेत. सहा वर्षं झाली. तुम्ही आमच्या काझाउरा पेलिकन्स या बेसबॉल संघाचे मॅनेजर असाल, टीव्हीवर हात बांधून फार खोल विचार करताना दिसत असाल, मला त्याचं काही नाही. मी बाजारपेठेत कपडे धुते. डाग कुठून आला हे मला बघताक्षणी कळतं.

वाचकहो, मी कुवाबारा तोयोको. वय एकसष्ट. उजव्या स्टँडमधल्या आमच्या चाहत्यांच्या पथकात ट्रम्पेट वाजवते. प्रत्येक खेळाडूचं एक गाणं असतं, आणि तो फलंदाजीला उभा राहिला की तेच वाजतं. दुसऱ्याचं नाही, आधी नाही, नंतर नाही. देवळातले नियम आम्ही मोडतो, हा नाही.

सहा वर्षांपूर्वी मी एक गाणं रचलं. शब्द माझे, चालही माझी. चाळीस सेकंदांचं. आमच्या गल्लीतल्या मिझोगुची तोफूवाल्यांचा मुलगा रेजी, राखीव कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, त्याच्यासाठी.

पहाटेचं गार पाणी, तुझे हात तापलेले,
ऊठ रेजी, मैदान तुझी वाट बघतंय,
एकच चेंडू समुद्राकडे, समुद्राकडे,
दार उघडं आहे, रेजी, फिरून घरी ये.

या वर्षापर्यंत हे गाणं मोठ्या मैदानात एकदाही वाजलं नव्हतं, कारण रेजी एकदाही फलंदाजीला उभा राहिला नव्हता. तो दुय्यम संघात खेळतो. वर बोलावतात, बाकावर बसवतात, परत पाठवतात. त्याचे वडील मिझोगुची काका, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, दर सामन्याला माझ्या शेजारी बसतात. मांडीवर मुलाच्या नावाचा कापडी फलक, घडी घातलेला. ती घडी मीच इस्त्री करून घालते. सहा वर्षं इस्त्री करतेय, पूर्ण उलगडलेला पाहिला नाही.

या वर्षी मोसम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी पहिला कॅचर गुडघा धरून इस्पितळात गेला आणि रेजीला पुन्हा वर बोलावलं. मी भर बाजारात जाहीर केलं, "मे महिन्याच्या सुट्ट्यांआधी हे गाणं वाजणार. नाही वाजलं तर ट्रम्पेट भंगारात."

मासळीवाली म्हणाली, "भंगारवाला तरी घेईल का, तोयोकोताई?"

मी कामाला लागले. धुतलेल्या प्रत्येक कपड्याच्या पिशवीत गाण्याचा कागद टाकला. कोट धुवा, गाणं शिका. पंधरा दिवसांत नगरपालिकेचे कारकून, दातांचे डॉक्टर, दोन भिक्षू, सगळ्यांना गाणं पाठ.

इकडे संघाने हरायचा धडाका लावला. पहिला सामना आठ-एक. दुसरा सहा-शून्य. तिसऱ्यात शेवटपर्यंत पुढे होतो, मग आमच्या पिचरने चेंडू असा फेकला की तो आइस्क्रीमवाल्याला लागला. सात सामने, सात पराभव. वर्तमानपत्रांनी आमचं नाव गुणतक्त्यात इतक्या खाली छापलं की त्याखाली लगेच हवामान सुरू.

आठवा सामना. सातवा डाव, आमची फलंदाजी, तीन धावांनी मागे, तिन्ही तळांवर आमची माणसं. मी ओडेनचा, म्हणजे रश्श्यात उकडलेल्या मुळ्याचा, कढत वाडगा घेऊन बसलेली. मुळ्याचा अर्धा तुकडा तोंडात, अर्धा वाडग्यात. राखीव फलंदाज येणार म्हणून भोंग्यातून नाव पुकारलं, ते मागच्या रांगेत बिअरवरून चाललेल्या भांडणात बुडालं. मी मान वर केली. चष्म्यावर ओडेनची वाफ. त्या धुक्यातून पाठीवरचा आकडा दिसला: बासष्ट.

बासष्ट म्हणजे रेजी.

मुळा कधी गिळला मला माहीत नाही. ट्रम्पेट तोंडाला लावलं आणि सहा वर्षं साठवलेली हवा आत सोडली. ढोलवाल्याचा हात सवयीने पडला. मग कारकून, डॉक्टर, भिक्षू, ज्याने ज्याने माझ्याकडे कपडे दिले होते तो प्रत्येक जण उठून गाऊ लागला.

काका शेजारून म्हणाले, "तोयोको, तो बावन्न आहे."

बावन्न म्हणजे आकियोशी. स्वतःच्या डोक्यावर दुसऱ्याचं गाणं कोसळल्यामुळे तो बिचारा इतका दचकला की पहिल्याच चेंडूवर त्याने डोळे मिटून बॅट फिरवली. चेंडू स्टँडवरून, झेंड्यावरून, बाहेर सायकली लावतात तिथे गेला. चार धावा. आम्ही जिंकलो.

मी मात्र मेल्याहून मेल्यासारखी झाले. पथकाचा म्होरक्या तोमारी, पोस्टात काम करतो, नियमांच्या बाबतीत शिक्क्यासारखा. तो माझ्यासमोर आला आणि कमरेत वाकला.

"मावशी, उद्या पुन्हा चूक करा."

"काय?"

"हीच चूक. सातव्या डावात. हाच वाडगा, हाच मुळा, अर्धाच खायचा. चष्म्यावर वाफ हवी. काही बदलायचं नाही."

"आणि रेजी?"

"तो बाकावर होता ना? बाकावरच राहू दे."

माझी चूक काय होती हे मला तेव्हा कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा जिंकलो. तिसऱ्याही. परगावी बसने गेलो तेव्हा ओडेनचा थर्मास माझ्या मांडीवर होता आणि दोन पोस्टमन त्याला पहारा देत होते. गाणं झालं की तोमारी माझ्या ट्रम्पेटची तोंडाची नळी काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा. "भलत्या वेळी वाजायला नको." मला मळमळेपर्यंत मुळे खायला घातले.

सलग सात विजय. सात हार, सात जीत. रेजीचं गाणं दुकानांच्या भोंग्यांवर वाजू लागलं. हजारो माणसं "ऊठ रेजी" म्हणून ओरडायची आणि रेजी बाकावर बसून टाळ्या वाजवायचा. ऊठ म्हणणाऱ्यांपैकी एकालाही तो उठायला नको होता. एका क्रीडा-वार्ताहराने साहेबांना विचारलं, या विजयांचं रहस्य काय? साहेब म्हणाले, "जे चाललंय ते बदलणार नाही."

काका तेवढे या खेळात सामील नव्हते. सातवा डाव आला की ते उठून शौचालयात जायचे.

मी म्हटलं, "काका, तुमच्याच मुलाचं गाणं आहे."

"तो उभा राहील तेव्हा ऐकीन," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या पानात वाढलेलं मी खात नाही."

आणि तोमारीने तेही शकुनात धरलं. सातवा डाव जवळ आला की हा घड्याळ बघत यायचा, "काका, निघा आता. उशीर नको." एकदा काका म्हणाले, आज लागली नाही. तर दोघांनी त्यांना हाताला धरून नेलं.

मग पंधरावा सामना. सातव्या डावात मुळा झाला, गाणं झालं, नळी तोमारीच्या खिशात गेली, काका हात पुसत परत आले. आठव्या डावात चेंडू आमच्या दुसऱ्या कॅचरच्या बोटावर बसला. बोट वांग्यासारखं सुजलं. बरोबरी, तीन-तीन. आमच्या फलंदाजीत दोन गडी बाद, एक माणूस तिसऱ्या तळावर, आणि पाळी त्या कॅचरची.

भोंग्यातून नाव आलं. आज मागे कुणी भांडत नव्हतं.

"मिझोगुची रेजी."

काकांनी फलकाची दोरी सोडायला घेतली. गाठ सुटेना, ती मी दातांनी ओढली. रेजी बाहेर आला, टोपी काढून मैदानाला वाकला. बासष्ट. या खेपेला मी चष्मा बाहीने तीनदा पुसून पाहिलं.

आणि स्टँड गप्प. इतका गप्प की खालच्या रांगेत कुणाच्या तरी दाताखाली शेंगदाणा फुटला तो ऐकू आला.

"तोमारी, नळी दे."

"गाणं झालंय, मावशी. एका सामन्यात एकदाच. दुसऱ्यांदा वाजलं तर शकुन मोडेल."

"अरे, त्याचं गाणं आहे. तो तिथे उभा आहे!"

"मला दिसतंय." तो मैदानाकडेच बघत होता. "पण आपण सात जिंकलोय."

"नळी दे, नाहीतर तुझी पथकाची डगली मी यापुढे उकळत्या पाण्यात धुणार."

त्याने मान हलवली आणि खिशावर हात दाबून धरला. काका माझ्याकडे बघत होते. फलक अर्धा उलगडला होता, 'मिझोगुची' बाहेर, 'रेजी' आत.

"म्हण," काका म्हणाले.

मग मी तोंडानेच गायले. माझा आवाज म्हणजे कपडे पिळायचं यंत्र. पहाटेचं गार पाणी, तुझे हात तापलेले. हजारो माणसांत मी एकटी. रेजीची बॅट खांद्यावरच थांबली. त्याने उजव्या स्टँडकडे मान वळवली. ऊठ रेजी, मैदान तुझी वाट बघतंय.

तेवढ्यात समोरच्यांनी पिचर बदलला. डावखुऱ्या रेजीसमोर डावखुरा पिचर आणला, असा चेंडू मारायला अवघड म्हणतात. आणि साहेब, तुम्ही डगआउटमधून बाहेर आलात, पंचाच्या कानाशी लागलात, आणि एकही चेंडू न खेळलेल्या माझ्या पोराला परत बोलावलंत. राखीव माणसाच्या जागी आणखी एक राखीव. तो तीन चेंडूंत बाद झाला. बदललेला खेळाडू परत खेळू शकत नाही, म्हणून नवव्या डावात कॅचरच्या जागी तिसरा तळ राखणारा माणूस उसनी चिलखतं घालून बसला. त्याच्या पायांमधून चेंडू गेला आणि आपण हरलो. शकुन मोडायला माझी गरज पडली नाही.

सामन्यानंतर भोंग्यावरच्या मुलाखतीत तुम्ही म्हणालात, "स्टँड गप्प होता. मला वाटलं, लोकांनाच तो नको आहे."

हे ऐकून तोमारी काकांसमोर गुडघ्यांवर बसला. कपाळ सिमेंटला टेकवलं आणि नळी दोन्ही हातांनी पुढे केली. काका म्हणाले, "ऊठ बाबा, तिथे बिअर सांडलीय."

त्यांनी फलक जुन्या घड्यांवर पुन्हा नीट मिटला. मग मला विचारलं, "पुढे काय आहे गाण्यात? भोंगा लागला की मी कान झाकतो, आज दोनच ओळी ऐकल्या."

मी म्हटलं, "तो उभा राहिला की सांगेन."

"बरं," ते म्हणाले.

आता रेजीच्या नावापुढे लिहिलंय: सामने एक, चेंडू शून्य. ट्रम्पेट मी भंगारात टाकलेलं नाही. मासळीवाली रोज विचारते, मी रोज तिला सांगते की भंगारवाला गावाला गेलाय.

साहेब, दोन ओळी बाकी आहेत. वीस सेकंद. कोणत्या सामन्यात, कोणत्या डावात, मला लेखी कळवा. आणि सातवा डाव असेल तर जरा आधी कळवा. काकांना आता त्या वेळी खरोखरच लागते.