डबीतले दोन राजे

"आधी हात धुऊन ये," कॅशियरसाहेब म्हणाले.

बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, नाणं प्लास्टिकच्या डबीत आहे. डबी सीलबंद आहे. माझा हात त्याला लागणार कुठून?"

"तरीसुद्धा."

साहेब बँकेतून निवृत्त झाले होते, पण सगळे अजून त्यांना कॅशियरसाहेबच म्हणत. खोटी नोट त्यांच्या बोटांना कळे आणि खोटं नाणं कानांना. काउंटरवर नाणं पडलं की मान वरही न करता ते म्हणत, "हे परत घ्या." हे देवाचं देणं, आपलं त्यात काही नाही, असं ते अगदी नम्रपणे सांगत, फक्त रोज सांगत.

पण ऑनलाइन लिलावात घेतलेलं हे जुनं चांदीचं नाणं आलं ते पारदर्शक डबीत. नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची डबी, वर नंबराचं लेबल. डबी उघडली की दर्जा गेला, आणि दर्जा गेला की मोल गेलं. म्हणजे नाणं आत, बोटं बाहेर, आणि कान नुसते चष्म्याच्या काड्या अडकवण्यापुरते. मग साहेबांनी तेच केलं जे आपण सगळे करतो. नाणं राहू दिलं आणि लेबल पारखलं. संस्थेच्या साइटवर नंबर टाकला, तर नाण्याचा फोटो हजर! साहेब धन्य झाले. शिवाय लिलावात कोणी एक हट्टी माणूस शेवटच्या क्षणापर्यंत त्यांच्यावर बोली चढवत होता. एवढ्या इरेला पेटून मागतोय म्हणजे वस्तू अस्सलच, हा दुसरा पुरावा. मोह आला की पुरावे कसे भराभर गोळा होतात बघा. देवासाठी कुणी इतके शोधत नाही.

हे सगळं रविवारसाठी होतं. रविवारी व्याही आणि विहीणबाई चहाला येणार होते. साहेबांची मुलगी त्यांच्या घरी दिलेली. व्याह्यांचं औषधांचं दुकान होतं आणि नाद नाण्यांचाच. लेकीच्या सासरी आपल्या शब्दाला मान असावा, एवढीच साहेबांची इच्छा होती. आणि नाण्यांच्या बाबतीत तो व्याह्यांच्या शब्दापेक्षा बोटभर वर असावा, एवढीच दुसरी.

चहाचे कप रिकामे झाले तसे साहेबांनी मखमली रुमालावर डबी ठेवली.

"घ्या, व्याहीबुवा. राजाचं दर्शन घ्या."

व्याह्यांनी डबी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी सावकाश खिशात हात घातला आणि शेजारी दुसरी डबी ठेवली. तोच राजा. तीच डबी. तेच लेबल.

"अरे वा, जोडी!" विहीणबाई म्हणाल्या.

साहेबांनी भिंग काढलं. एक नंबर वाचला, दुसरा वाचला, पुन्हा पहिला वाचला. आकड्याला आकडा सारखा.

"तुम्ही कुठून घेतलंत?"

"लिलावात. म्हणजे मी हरलो होतो. कोणी एक अडेलतट्टू शेवटपर्यंत सोडेना. मग विकणाऱ्याचा निरोप आला, तसंच आणखी एक आहे, पाहिजे का?"

"तो अडेलतट्टू मी," साहेब म्हणाले.

"आणि तुमच्याशी भांडणारा मी."

एका नंबराची दोन नाणी नसतात, हे दोघांनाही ठाऊक होतं. एक तरी खोटं. पण समोर व्याही! 'तुमचं खोटं' म्हणायचं तरी कसं?

"माझंच खोटं असणार," साहेब म्हणाले. मनात म्हणाले, याचंच.

"छे छे, तुमची पारखी नजर! माझंच असेल," व्याही म्हणाले, आणि डबी हळूच आपल्याकडे ओढली.

"नाही हो, माझंच."

"असं कसं? माझंच."

"अहो, खोटं नाणं घेण्यावरून कसली चढाओढ लावलीय?" साहेबांची बायको म्हणाली. "एक डबी उघडा आणि बघा की!"

साहेबांना वाटलं, हीच वेळ मोठेपणा दाखवायची. आपण म्हणावं, व्याह्यांनी हात धरावा, आणि दोघांचीही लाज राखली जावी.

"फोडा माझी!" ते म्हणाले. "व्याह्यांपुढे डबी काय मोठी?"

"बरं," व्याही म्हणाले. "हातोडी आहे का घरात?"

आता माघार कशी घेणार? हातोडी आली. कडेवर एक ठोका बसला आणि डबी तडकली. साहेबांनी नाणं फरशीवर टाकलं. जन्मभर ज्या कानांचा टेंभा मिरवला, ते त्या क्षणी बंद पडावेत म्हणून त्यांनी देवाचा धावा केला. पण नाणं असं पडलं जसं ओल्या चिंधीवर बटण पडावं.

"आपटलं नीट नाही का?" विहीणबाईंनी विचारलं.

"खोटं आहे," साहेब म्हणाले.

"म्हणजे आमचं खरं!" विहीणबाईंचा चेहरा उजळला. "तरी मी म्हणते, यांची पारखच तशी!"

साहेबांनी नाणं उचललं आणि भिंगाखाली धरलं. राजाच्या कानामागे बारीक ओरखडा होता. हातोहात फिरलेल्या नाण्याला मार बसायचाच. पण सहज नजर व्याह्यांच्या डबीकडे गेली, आणि तिथल्या राजाच्याही कानामागे तसाच, त्याच जागी, तेवढाच ओरखडा दिसला. दोन राजांना एकाच जागी एकच जखम होत नाही. दोघं एकाच साच्यातून निघाले होते.

साहेबांच्या जिभेवर शब्द आले. बोललं की बरोबरी झाली! त्यांनी वर पाहिलं. विहीणबाई नवऱ्याकडे अशा कौतुकाने बघत होत्या की साहेबांनी भिंग मिटून खिशात ठेवलं आणि चहाचे कप आत नेले.

व्याही त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात आले आणि उगाच नळाखाली हात धुऊ लागले.

"ओरखडा बघितलात?" त्यांनी हळूच विचारलं.

"कसला ओरखडा?"

"उगाच नका सांगू. मलाही दिसला. विकणाऱ्याचं पान सकाळपासून उघडत नाहीये." व्याही आणखी जवळ आले. "फक्त माझी डबी फोडायला सांगू नका. ती शाबूत आहे तोवर घरात मी शहाणा आहे."

बाहेरून बायकोचा आवाज आला, "अहो, व्याह्यांकडून शिकून घ्या जरा!"

साहेबांनी व्याह्यांच्या ओल्या हाताला हात दिला आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मानलं तुम्हाला, व्याहीबुवा! मला नाही बुवा खरंखोटं कळलं!"

यातलं दुसरं वाक्य तरी देवासमोर सांगता येईल इतकं खरं होतं.