लखमशेटीचे मैदान आणि भीमाक्काची आमराई

श्री गजानन प्रसन्न. श्री शारदा प्रसन्न. आणि जिचे सेवक पोथ्या बहुत वाचितात परंतु वेळेस तोंड उघडीत नाहीत, त्यांवरही ती प्रसन्नच असो. शके सोळाशे ऐशी, बहुधान्यनाम संवत्सर, ते साली राज्यात चेंडूफळीचे मैदान बांधावयाची मसलत जाहली, आणि त्याच साली सरस्वतीभांडाराचे रखवालदार सखोपंत यांस धाकटे बहिणीचे पत्र आले, त्याचा जाब त्यांनी लिहिला नाही. पत्र थोडकेच होते. "तीर्थरूप दादांचे सेवेसी, भीमेचे साष्टांग नमस्कार. गावात बोलवा आहे की तळ्याकाठी मोठे मैदान होणार आणि देशोदेशीचे लोक खेळ पाहावयास येणार. तरी आमराई विकोन मैदानाचे वाटेवर उतारूंस खोल्या बांधाव्या ऐसे मनात आहे. पदरी दुसरे काही नाही हे आपण जाणतच आहां. आपण पोथ्या वाचितां, आपणांस बरेवाईट कळते. नको असेल तर लिहावे." इतकेच पत्र. सखोपंतांनी ते वाचोन घडी घातली, पुन्हा उघडोन वाचिले, आणि रघुवंशाचे पोथीत ठेविले.

आता त्या राज्याची चाल सांगितली पाहिजे, नाही तर पुढील वृत्तांत कळावयाचा नाही. राज्याचे मूळपुरुषांनी एके समयी एका स्वारीस "बहुत बरे, जावे" म्हणोन स्वहस्ते लिहोन दिले, आणि ती स्वारी नदी उतरता महापुरात बुडाली. तेव्हापासोन ऐसे ठरले की वडीलधाऱ्याने रुकार कधी लिहू नये, लिहिल्यास कार्यास दृष्ट लागते. वडिलांनी लिहावा तो नकारच. जाब न आला म्हणजे रुकार जाहला, ऐसे समजोन पुसणाऱ्याने कार्यास लागावे. सोयरीक असो, शेत घेणे असो, हुजुराची मसलत असो, सर्व राज्य याच चालीने चाले. सखोपंतही याच चालीत वाढले होते, आणि त्यांची मुंजही आजोबांचे मौनावरच लागली होती.

मसलतीचा प्रकार ऐसा जाहला. नगरशेट लखमशेट यांचे पदरी चेंडूफळीचे पगारी गडी होते, आणि ते दूरदेशी जाऊन सामने जिंकोन येत, त्यामुळे लोकांची त्यांवर बहुत माया. तो लखमशेट एके दिवशी भरदरबारी उभे राहोन बोलिले, "महाराज, पलीकडले राजे माझे गड्यांस दगडी मैदान देतात, वर कप्तानास पालखी देतात. मी गरीब माणूस. उद्या गडी तिकडे गेले तर मज बोल लावू नये." महाराज हसोन म्हणाले, "शेटजी, गडी तुमचे, चेंडू तुमचा, दाराशी जमेल तो पैसाही तुमचा. मग मैदान तेवढे आमचे का?" लखमशेट हात जोडोन बोलिले, "आणि कीर्ती कोणाची, महाराज?" तेव्हा दरबार खदखदा हसला, महाराजही हसले, आणि त्या हसण्यातच अर्धी मसलत उरकली. मग लखमशेटींनी परदेशचा एक गणक पुढे केला. तो शेटजींचेच घरी उतरला होता आणि शेटजींचेच घरी जेवीत होता. तो म्हणाला, "महाराज, उतारू एक रुपया टाकील, तो तांबोळी घेईल, तांबोळ्याचा हलवाई घेईल, हलवायाचा गवळी घेईल. एक रुपया सात घरी जेवितो. मैदान म्हणजे खर्च नव्हे, पेरणी आहे." हे ऐकोन सर्वांनी माना डोलाविल्या. तळ्याचा बांध दुरुस्त करावयास ऐवज काढोन ठेविला होता, तो मैदानास लावावा ऐसे ठरले, आणि चालीप्रमाणे सर्व मानकरी वडिलांस पत्रे गेली की, नको असेल त्याने लिहावे.

सखोपंत त्या दिवशी दरबारात खांबाआड उभे होते, कारण महाराजांनी एक पोथी मागविली होती आणि ती परत घेऊन जावयाची होती. त्यांचे मनात आले की, तो रुपया आजही सात घरी जेवितोच आहे. तो जत्रेत जेवितो, तमासगिरांकडे जेवितो, हलवायाकडे जेवितो. मैदानाचे दारी गेला तर तेथे जेवील आणि येथे उपाशी राहील. नवा रुपया कोठोन आला? हे मनात आले आणि घशापर्यंत आले, आणि तेथेच राहिले. कारभारी जवळच होते, ते थट्टेने म्हणाले, "काय पंत, ओठ हलतात, मंत्र म्हणतां की काय?" पंत म्हणाले, "नाही, उगाच." आणि पोथी काखेत मारोन घरी आले, तो बहिणीचे पत्र येऊन पडलेले. मग त्यांनी भांडारातील जुन्या तवारिखा काढोन पाहिल्या. एका राज्याने हत्तींची झुंज लावावयास रंगण बांधिले होते, एकाने रथांचे शर्यतीस, एकाने मल्लांस. आणि तिन्ही ठिकाणी लिहिणाराने शेवटी हेच लिहिले होते की, धनी मोठा जाहला, नगर होते तेथेच राहिले. तेव्हा सखोपंतांनी कागद घेऊन बहिणीस लिहिले, "भिमे, नको. आमराई विकू नको." आणि शाई वाळता वाळता त्यांस शंका आली. तवारिखा परराज्याच्या. लिहिणारे कोण, कसे, ठाऊक नाही. आपणांस चेंडूही झेलता येत नाही, बाजारही करिता येत नाही, गूळ आणावयास गेलो तर भिजका घेऊन येतो. आणि मैदान खरेच फळले, आणि बहीण आपल्या शब्दाखातर दरिद्री राहिली, तर? तरी मठात आणखी एक तवारीख आहे, ती मागवावी, मग लिहावे. ऐसे म्हणोन त्यांनी तो कागद फाडिला.

धोंडजी जासूद गावोगाव पत्रे नेई, तो दाराशी येऊन विचारी, "पंत, भीमाक्काचा जाब?" पंत म्हणत, "मठातील पोथी येऊ दे." धोंडजी म्हणे, "पोथीस पाय नाहीत, पंत, मला आहेत. चिठी द्या, चाललो." पंत म्हणत, "पुढल्या खेपेस." मठातील पोथी आली, तीतही तेच होते, आणि तोवर भीमाक्काने आमराई विकिली होती. भांडाराचे रखवालदार म्हणोन पंतांसही हुजुराचे पत्र आले होते, ते तर त्यांनी उत्तरासाठी घेतलेच नाही. मोठमोठे मानकरी आहेत, ते लिहितील, आपण कोण? आणि मानकरीही ऐसेच मनात म्हणोन स्वस्थ राहिले. एकाचाही नकार आला नाही, सबब सर्वांचा रुकार जाहला. सखोपंत मनाशी म्हणत, मी कोणास काहीच सांगितले नाही, बऱ्याचेही नाही आणि वाईटाचेही नाही. ज्या राज्यात न बोलणे हेच बोलणे, त्या राज्यात राहोन ऐसे म्हणावे, यास काय म्हणावे?

मग मैदान जाहले. पाथरवट बाहेरगावचे आले, काम करोन मजुरी घेऊन आपले गावी गेले. पहिला सामना पलीकडले राज्याशी लागला, आणि खोटे कशास लिहावे, तो दिवस फार थोर जाहला. सखोपंतही गेले होते. शेवटचा चेंडू राहिला आणि आपले गड्याने तो कुंपणापार टोलविला, तेव्हा पंत बाकावर उभे राहिले आणि ओरडले, आणि शेजारी एक अनोळखी कासार होता त्याचे गळ्यात पडले. कासार म्हणाला, "बाबा, पागोटे सांभाळा!" तो पागोटे कोठेच्या कोठे गेलेले. घरी येता त्यांस वाटले, बरे जाहले नाही लिहिले. माझे पोथ्यांत हा आनंद कोठे लिहिला आहे? आणि तेही खरेच होते. परंतु सामने वर्षात थोडे, आणि उरल्या दिवसांत मैदानावर शेळ्या चरत. जे येत ते बहुतेक गावचेच, आणि येत त्या दिवशी हलवायाचे पेठेत शुकशुकाट होई. जे परगावचे येत, त्यांस लखमशेटींनी मैदानाचे आतच फराळाची दुकाने आणि आपलीच उतारशाळा करोन ठेविली होती. भीमाक्का आपले खोल्यांचे दारी कंदील लावोन बसे आणि म्हणे, "या, गरम भात आहे!" गाड्या पुढे निघोन जात. इकडे तळ्याचा बांध गळू लागला. तळ्याकाठी रंगाऱ्यांची आळी होती, त्यांस कापड धुवावयास वाहते पाणी पाहिजे, ते राहिले नाही, तेव्हा रंगारी एकेक घर करीत पलीकडले राज्यात निघोन गेले. गडी जाऊ नयेत म्हणोन मैदान बांधिले, आणि रंगारी गेले. त्यांस कोणी अडविले नाही, कारण त्यांचे काम पाहावयास कोणी टाळ्या पिटीत नसे.

भीमाक्का दर उन्हाळ्यात दादांस मुरंब्याची बरणी पाठवी, ती येतच राहिली. पंत पोळीशी मुरंबा खात आणि मनाशी म्हणत, बरणी आली, म्हणजे सुखात आहे. एके वर्षी धोंडजी बरणी ठेविता ठेविता म्हणाला, "पंत, यंदा आंबा महाग. अक्कांनी पाटलाचे माळ्याशी पुष्कळ घासाघीस केली." पंत म्हणाले, "माळ्याशी कशास? तिचे घरचे आंबे..." आणि मध्येच थांबले. धोंडजी म्हणाला, "घरचे कोठले? आमराई गेली तेव्हापासोन विकतच घेतात. आपणांस पाठवावयासच घेतात, स्वतः नाही खात. मला बजावले होते सांगू नको म्हणोन, पण मी पडलो बडबड्या." सखोपंतांनी बरणीवरचा फडका पुन्हा बांधिला, आणि त्या वर्षी ती उघडली नाही.

पुढे लखमशेट पुन्हा दरबारी उभे राहिले, आणि बोलिले की पलीकडले राजे मैदानास छत घालितात, पावसाळ्यातही खेळ चालेल, येथे छत न होईल तर गडी उचलितो. गणक तोच होता. आता रुपया नऊ घरी जेवितो म्हणाला. महाराजांचे तोंडावर या खेपेस हसू नव्हते, परंतु बांधिले मैदान ओस कसे पाडावे? ऐवज कोठोन आणावा, तर बांधास म्हणोन पुन्हा थोडका साठविला होता, त्यावरच नजर गेली. वडिलांस पुन्हा पत्रे निघाली. आणि त्याच धोंडजीचे हाती भीमाक्काचे दुसरे पत्र आले. "तीर्थरूप दादांचे सेवेसी. आता छत होणार ऐसे ऐकते. पावसाळी उतारू येतील, तरी राहते घर गहाण टाकोन खोल्यांवर मजला चढवावा ऐसे मनात आहे. मागे आपल्या रुकारानेच सर्व केले. फळ आले नाही, त्यात आपला दोष नाही, माझे दैव. दादांनी हो म्हटले होते, इतके मनात असले की धीर येतो. या खेपेसही नको असेल तर लिहावे."

सखोपंतांनी ते वाचिले आणि तुळशीवृंदावनापाशी जाऊन बसले. दादांनी हो म्हटले होते. आपण आजवर काहीच बोललो नाही ऐसे समजत होतो, आणि ती बाई आपल्या शब्दाचा आधार धरोन कंदील लावीत होती. धोंडजी पायरीवर बसोन गूळपाणी घेत होता, तो म्हणाला, "पंत, तेच का? पुढल्या खेपेस?" पंत म्हणाले, "बैस." धोंडजी म्हणाला, "पोथी यावयाची असेल." पंत म्हणाले, "पोथ्या सगळ्या आल्या रे. बैस म्हटले ना." मग आत जाऊन त्यांनी लिहावयास घेतले. शंका या खेपेसही आलीच. छत फळले तर, आपण चुकलो तर. परंतु शंका शेजारी बसवोन त्यांनी लिहिले.

"चिरंजीव भीमेस आशीर्वाद. दोन्ही पत्रांचा जाब एकच आहे : नको. घर गहाण टाकू नको. आणि आमराई विकू नको. हा दुसरा जाब पहिले पत्राचा आहे, तो आता पोहोचतो. मागे मी हो म्हटले नव्हते. मी नको म्हटले होते आणि कागद फाडिला. तेव्हा तुझे दैवास बोल लावू नको. खेळ वाईट नव्हे. मीही ओरडलो आहे. देवाचा उत्सव आपण करितो तो पैसा परत येईल म्हणोन करीत नाही, गेला म्हणोनच करितो, आणि झेपेल तितकाच करितो. उत्सवास पेरणी म्हटले, तेथे चुकले. मी चुकणार नाही ऐसे नाही, परंतु चुकलो तरी लिहोन चुकेन. खोल्या टाकोन इकडे निघोन ये. मुरंबा पाठवू नको, मागील बरणी तशीच आहे, दोघे मिळोन खाऊ." दुसरा कागद घेऊन हुजुरास लिहिले, त्यात दोनच शब्द होते : "छत नको." खाली नाव लिहिले. ते नाव भांडाराचे बाहेर कोणास ठाऊकही नसेल.

धोंडजीने दोन्ही पत्रे घेतली, उलटी करोन पाहिली, आणि म्हणाला, "हुजुराचे सुद्धा? पंत, राज्यात कोणी हुजुरास नकार लिहिल्याचे माझे बापाचे वेळेपासोन ऐकिले नाही. तिकडे थैली उघडतील तर विंचू निघाल्यासारखे होईल." पंत म्हणाले, "लवकर जा. माझे मन फिरले तर मागे बोलावीन." धोंडजी हसला आणि म्हणाला, "बोलवा. मला ऐकू कमी येते." आणि पत्रे थैलीत घालोन, थैलीचे तोंड आवळोन, तो वेशीकडे चालता जाहला. पंतांनी एकवार हाक मारावयास तोंड उघडिले, आणि मिटिले.

सारांश, राज्यास मैदान लाभले, शेटजीस संपत्ती लाभली, रंगाऱ्यांस परमुलूख लाभला, आणि सखोपंतांचा जाब उशिरा का होईना, वाटेस लागला. इतके घडले तितके लिहिले. उणे असेल ते वाचणारांनी भरावे, परंतु मनात न ठेविता लिहोन पाठवावे.