वीरधवलची बारा स्पेलिंगं

नाथाजींनी ईमेल पाठवला आणि चहाचा कप तोंडाला लावला. पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत उत्तर आलं.

"आलं, आलं! वीरधवलचं उत्तर आलं!" ते स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले. मग चष्मा पुसून त्यांनी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. उत्तर इंग्रजीत होतं. पाठवणारा 'मेल डिलिव्हरी सबसिस्टिम' नावाचा कुणीतरी होता आणि पत्ता सापडला नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

नाथाजींनी कप खाली ठेवला. विट्याच्या पोस्टात एकतीस वर्षं टपाल वाटलेला माणूस तो. पाण्याच्या टाकीजवळ, शेळीवाल्या म्हातारीच्या शेजारी, एवढ्याच पत्त्यावर त्यांनी मनिऑर्डरी पोचवल्या होत्या. पत्र परत पाठवायची पाळी आलीच, तर आधी तीन दिवस ते गल्ल्या पालथ्या घालत. आणि हा गडी एका सेकंदात हात वर करतो?

"शोधलं तरी का रं त्यानं?" त्यांनी लॅपटॉपलाच विचारलं.

धाकटा भाऊ वीरधवल सेलमला गलाईचं, म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करायचं, दुकान चालवायचा. दोघं नऊ वर्षं बोलत नव्हते. चुलत पुतण्याच्या लग्नातला एक फोटो त्याला कारण झाला होता. सगळं घराणं त्यात झकास आलं होतं, वीरधवलचं मात्र फक्त कोपर आलं होतं. तोच फोटो मोठा करून नाथाजींच्या बैठकीत लागला, वीरधवलनं तो पाहिला आणि न जेवता निघून गेला. पुढं त्याचा नंबर बदलला. आता क्रांतीचं, नाथाजींच्या एकुलत्या एका लेकीचं, लग्न अठरा दिवसांवर आलं होतं आणि काकाशिवाय मांडवात उभं राहायचं, ही कल्पनाच नाथाजींना सोसेना. नंबर पाव्हण्यांकडं मागता आला असता, पण मग गावभर बोभाटा. ईमेल कसा गुपचूप जातो.

त्यांनी मोकळ्या मनानं लिहिलं होतं. 'झालं गेलं विसर. फोटो मी निवडला नव्हता, तुझ्या वहिनीनं निवडला. तिचं लुगडं त्यात बरं दिसत होतं. पण ती मनानं वाईट नाही. क्रांतीच्या लग्नाला सगळ्यांनी या.'

आणि ते परत आलं होतं.

क्रांती सांगलीच्या एका कॉलेजचे कॉम्प्युटर सांभाळायची. लग्नासाठी रजा काढून आली होती. तिनं येऊन पाहिलं, तर वडील सबसिस्टिमला उत्तर लिहीत होते: 'महोदय, मीही याच खात्यातला आहे. कृपया पुन्हा एकदा चौकशी करावी.'

"आण्णा, ते मशीन हाय! तिथं कुणी वाचत न्हाई."

"मग पत्र माघारी धाडलं कुणी? आपल्या पोस्टानं का त्याच्या?"

क्रांतीला हसू आलं, पण प्रश्न बरोबर होता. "आपलं पोस्ट त्यांच्या पोस्टाला विचारतं, या नावाचा माणूस तुमच्याकडं राहतो का. ते म्हणालं, न्हाई राहत. मग आपल्या पोस्टानं तुमाला तसं कळवलं. हितं बघा, साडेपाचशे नंबर. म्हणजे असा माणूसच न्हाई."

"म्हणजे वीरधवलनं नाकारलं न्हाई?"

"त्याच्यापतुर पोचलंच न्हाई, तर नाकारंल कसा?"

नाथाजींच्या छातीवरचं ओझं उतरलं आणि डोक्यात कुतूहल चढलं. "बरं, आणि हे माघारी आलेलं पत्र मलाबी पोचलं नसतं तर? मग ते पुन्यांदा त्याच्याकडं, पुन्यांदा हिकडं..."

"म्हणून तर माघारीच्या पत्रावर पाठवणाऱ्याचा पत्ताच घालत न्हाईत. न्हाईतर दोन पोस्टं एकमेकांला जन्मभर परत करत बसली असती."

"वा!" नाथाजी मांडीवर थाप मारून म्हणाले. "हे ज्यानं काढलं, त्यानं कवातरी टपालाचा बटवडा केला असणार!"

चूक कुठं झाली ते लगेच सापडलं. वीरधवलनं फार पूर्वी फोनवर पत्ता सांगितला होता आणि नाथाजींनी तो डायरीत मराठीत लिहून घेतला होता: 'वीरधवल गलाई, सगळं जोडून.' आता वीरधवल इंग्रजीत लिहायचं कसं? एक ई का दोन, व्ही का डब्ल्यू? क्रांती शिंप्याकडं गेल्यावर नाथाजींनी कागदावर बारा स्पेलिंगं मांडली आणि बाराही पत्त्यांवर तेच पत्र धाडलं.

संध्याकाळी क्रांती परतली, तेव्हा ते वही घेऊन बसले होते.

"नऊ माघारी आली, साडेपाचशेवाली. एक म्हणतंय, पेटी भरलीया, जागा न्हाई. म्हणजे माणूस हाय, पण पेटी उघडत न्हाई. एक म्हणतंय, समोरचं पोस्ट उत्तर देईना, दोन दिवस हेलपाटे घालतो, मग सांगतो. क्रांते, हा खरा पोस्टमन!"

"आणि बारावं?"

"त्याचं काय आलंच न्हाई."

क्रांतीनं कपाळाला हात लावला. "आण्णा, म्हणजे ते कुणालातरी पोचलं!"

पोचलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं उत्तर आलं. तेही एक वीरधवलच होते, आटपाडीकडचे, गुंटूरला गलाईचं दुकान असलेले. 'काका, मी तुमचा भाऊ नव्हे. पण पत्र वाचून डोळ्यात पाणी आलं. काळजी करू नका. आपल्या गलाईवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पत्र टाकलं आहे. चारशे माणसं आहेत. भाऊ सापडेल.'

नाथाजींनी ते दोनदा वाचलं. "क्रांते, टाकलेलं काढून घेता येतं का गं?"

तेवढ्यात आत त्यांच्या बायकोचा, विजयमालाबाईंचा, फोन वाजला. पहिला फोन कोलकात्याहून होता, लांबच्या नणंदेचा. मग लुधियाना. मग मदुराई. तासाभरानं विजयमालाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आवं, फोटो मी निवडला, व्हय?"

"तसं न्हवं गं..."

"लुगडं बरं दिसत हुतं म्हणून? बरं दिसत हुतं? निस्तं बरं? आणि मी मनानं वाईट न्हाई, हे चारशे माणसांस्नी सांगायची पाळी का आली तुमच्यावर?"

 मशीनच्या सगळ्या नंबरांचा अर्थ नाथाजींना कळला होता, पण या प्रश्नाला कुठला नंबर लावायचा ते कळेना.  दुपारी आमटीत मीठ नव्हतं आणि ते मागायची हिंमत कुणात नव्हती. वर गुंटूरकरांनी कळवलं होतं की ग्रुपमधल्या चाळीसएक मंडळींनी पत्रालाच आमंत्रण धरलं आहे. आचाऱ्याला कसं सांगायचं, याचा विचार करत नाथाजी ओसरीवर बसून राहिले.

चारच्या सुमाराला अनोळखी नंबरावरून फोन आला.

"दादा." पलीकडे वीरधवल होता. "सकाळधरनं सत्तावीस जणांनी पत्र वाचून दाखवलं मला. येतोय मी. सगळी येतोय."

 नाथाजी ओसरीवरून उठून उभे राहिले. "आरं, नऊ वर्षं झाली. एकदा तरी कळवायचं न्हाईस?"

"कळवलं हुतं की! चार वर्षांमागं, पोराच्या बारशाला. ईमेल केला हुता तुमाला. तुमच्या वकिलाचं उत्तर आलं."

"माझा वकील?"

"असंच काय ते नाव हुतं. डिलिव्हरी का कायतरी. लय मोठं इंग्रजी, खाली नंबर-बिंबर, कलमं. म्हणलं, दादांनी माझ्यावर केस टाकली. मग मीबी सेलमला वकील गाठला."

"त्यो काय म्हणाला?"

"त्यानं दोनदा वाचलं. म्हणाला, समोरचा लय तयारीचा दिसतोय. काय उत्तर देऊ नका."

"आरं येड्या, मी तुझ्यावर वकील लावीन व्हय?"

"मलाबी तसंच वाटत हुतं," वीरधवल म्हणाला. "पण इंग्रजी लय कडक हुतं, दादा."