दोनशे बारा स्थळं आणि भरलेली डिस्क

हे लिहायची मला हौस नाही. सातवीला दोनदा बसलो, तिसऱ्यांदा मास्तरांनीच हात जोडले. त्यानंतर चाळीस वर्षं बस चालवली आणि कुणाचं काही बिघडलं नाही. पण समाजाच्या स्मरणिकेत दोन पानं कोरी राहिली म्हणे. मग राजलक्ष्मी, म्हणजे महिपतरावाची सून, पॉलिटेक्निकमध्ये कंप्यूटर शिकवते ती, दारात उभी. "दौलतकाका, ते कंप्यूटरचं तुम्हीच लिहा ना. पूरे ग्वालियर में तुमच्याइतकं कोणाला ठाऊक नाही." मी म्हटलं, पानं कोरीच सोडा, लोकांना पत्त्यांचे मार्क लिहायला होतील. तिनं पेन टेबलावर ठेवलं आणि गेली. टोपणसुद्धा काढून ठेवलं होतं.

तर ऐका. मी परत सांगणार नाही.

महिपतराव माधवगंजात राहतो. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात बत्तीस वर्षं क्लार्क होता. रिटायर झाला, पण दुसऱ्याला रांगेत उभं करायची सवय जाईना, म्हणून त्यानं आमच्या मराठा समाजाची वधूवर सूची हातात घेतली. ग्वाल्हेरातल्या घराघरांतली लग्नाची पोरंपोरी, त्यांचे फोटो, पत्रिका, मामाचं गाव, सगळं त्याच्याकडे. वर्षातून एकदा फूलबागेजवळच्या हॉलमध्ये मेळावा भरतो. त्या दिवशी सूचीचं छापील पुस्तक प्रत्येक घराच्या हातात पडतं. पुस्तक नसेल तर मेळावा कसला? लोक पोहे खातील आणि एकमेकांच्या चपला बघत बसतील. या वर्षी दोनशे बारा स्थळं होती आणि ती सगळी एकाच ठिकाणी होती, महिपतरावाच्या कंप्यूटरात.

कंप्यूटर म्हणजे कुठल्याशा शाळेनं भंगारात काढलेला. राजलक्ष्मीनं त्याच्यात विंडोजऐवजी लिनक्स घातलं. म्हणाली, "मशीन म्हातारं झालंय बाबासाहेब, याला हेच झेपेल." महिपतरावाला वाटलं आपल्यालाच म्हणाली. मग तिनं आतल्या डिस्कचे दोन भाग केले. लहान भाग मशीनच्या स्वतःच्या सामानाचा, मोठा भाग महिपतरावाच्या स्थळांचा. शेजारी एक बाहेरचा डबाही ठेवला, वायरचा. रोज दिवेलागणीला एक बटण दाबायचं की सगळ्या सूचीची नक्कल त्या डब्यात जाऊन पडते. आत काही झालंच तर बाहेर शाबूत.

"मोठ्या भागात तुम्ही काहीही करा," ती म्हणाली, "लहान भागात हात नाही घालायचा."

एवढंच बोलली बिचारी. पण ते महिपतरावाला लागलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलावर एक खोली अशी, की घरच्या कर्त्यानं तिच्यात पाऊल ठेवायचं नाही! सहा महिने तो शब्द त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून होता.

मेळावा रविवारी. त्याच्या आधीच्या गुरुवारी सकाळी कंप्यूटरनं पाटी दाखवली. लहान भाग भरला, जागा उरली नाही. सूनबाई पेपर तपासायला भोपाळला गेलेली, शनिवारी संध्याकाळी येणार होती.

शालिनीवहिनी, म्हणजे महिपतरावाची बायको, पोहे घेऊन आल्या. म्हणाल्या, "फोन लावा तिला."

"फोन कशाला? जागाच तर करायची आहे. जागा करायला इंजिनियर लागतो? बत्तीस वर्षं ऑफिस सांभाळलं मी."

"माहीत आहे. तुमचं कपाट उघडलं की फायली अंगावर पडायच्या."

त्यावर महिपतरावानं सुनेऐवजी मला फोन लावला. (हा माणूस संकटात माझी आठवण काढतो आणि संकट टळलं की माझं नाव विसरतो.) मी गेलो. पाटी बघितली. म्हटलं, "मागच्या दारानं कोण चढतंय ते आधी बघ. मागून चढत राहिले तर पुढून किती उतरवशील?" हे मी गुरुवारी सकाळी साडेनऊ वाजता म्हटलं होतं. वहिनी साक्षीदार आहेत. पण बसड्रायव्हरचं कोण ऐकतो?

महिपतरावाचा पहिला विचार सरळ होता. लग्नं ठरलेली जुनी स्थळं काढून टाकावी. त्यानं एका मुलीच्या नावावर बोट ठेवलं. पडद्यावर कचऱ्याच्या डब्याचं चित्र आलं. त्यानं हात मागे घेतला.

"दौलत, कचऱ्यात टाकू का विचारतंय."

"मग?"

"मग काय मग? शितोळ्यांची लेक आहे. बापानं मान खाली घालून माझ्या हातात फोटो दिलाय. तो कचऱ्यात टाकू?"

खरं होतं त्याचं. आमच्याकडे जुन्या वहीतसुद्धा नाव खोडत नाहीत, लग्न ठरलं की वर कुंकवाचं बोट लावतात. एकेक नाव त्यानं पुढे आणलं आणि एकेक परत ठेवलं. भोईट्यांचा मुलगा घटस्फोटित, पण घराणं मोठं. पाटणकरांची मुलगी अमेरिकेला गेली, पण आजी अजून नमस्कार करते. मोठ्या भागातलं एकही नाव त्याच्यानं हलेना.

मग त्याची नजर लहान भागाकडे गेली.

आत शिरायला पासवर्ड लागतो. तो राजलक्ष्मीनं पाकिटात घालून ठेवला होता. पाकिटावर लिहिलेलं, 'फक्त अडचणीत.'

"ही अडचण नाही तर काय बारसं आहे?" असं म्हणून महिपतरावानं पाकीट फाडलं.

आत बघितलं तर नुसती गर्दी. इंग्रजी अक्षरं, आकडे, टिंबं. ना आडनाव, ना गाव, ना कुळ. महिपतरावानं चष्मा वर केला, खाली केला.

"हे कोण रे?"

"मी काय जाणू."

"आपल्यातले नाहीत."

"दिसत तर नाहीत."

"मग कचऱ्यात गेले तर कोणाचा बाप विचारायला येतोय?"

(याला मी 'नाही' म्हटलं नाही, हे राजलक्ष्मी चारचौघांत सांगत फिरते. 'हो' तरी कुठे म्हटलं होतं?)

पन्नास टाकले. पाटी तशीच, जागा नाही. दोनशे टाकले. जागा नाही. महिपतराव इरेला पेटला. शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि ओंजळीओंजळीनं फेकायला लागला. जेवणवेळेपर्यंत आम्ही तीनेक हजार बिनआडनावाचे घालवले असतील, तरी जागा म्हणून तीळभर वाढेना. वाढणार कशी? तो कचऱ्याचा डबा त्याच लहान भागात ठेवलेला. खोली झाडायची, केर त्याच खोलीच्या कोपऱ्यात लोटायचा आणि म्हणायचं खोली मोठी का होईना! पण ही अक्कल आम्हाला शनिवारी आली. तेव्हा गुरुवार होता.

दुपारी अक्षरं तुटायला लागली, बाण जागच्या जागी थिजला. तेव्हा मात्र मी सल्ला दिला. "बंद करून चालू कर. गाडी तापली की आम्ही तेच करायचो."

बंद झालं. चालू करताना काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि तिथेच बसून राहिली. महिपतरावानं वाचली.

"म्हणतंय, फाइल सापडत नाही."

"कुठली?"

"नाव दिलंय." त्यानं चष्मा काढून पुसला. "ओळखीचं वाटतंय. सकाळीच भेटलं होतं."

तो खुर्चीत मागे टेकला. मी त्याला चाळीस वर्षं ओळखतो. त्याची बदली झाली तेव्हा असा बसला नव्हता, हर्नियाच्या ऑपरेशनला नेलं तेव्हाही नाही. दोनशे बारा घरं. त्यात इंदुताईंची सोनिका, चौतीस वर्षांची. इंदुताईंनी गेल्याच आठवड्यात नवा फोटो पदराखालून काढून दिला होता. म्हणाल्या होत्या, "भाऊसाहेब, हा शेवटचा. पुढच्या वर्षी मी तिला काढायला लावणार नाही."

"आता तरी फोन करा," वहिनी म्हणाल्या.

"आणि काय सांगू? हात घालू नको म्हणालीस तिथे खांद्यापर्यंत घातला?"

फोन केला नाही. पण हार मानेल तो महिपतराव कसला? शुक्रवारी सकाळी त्यानं दोनशे पानी वही काढली. "मला सगळे पाठ आहेत," म्हणाला. त्याचा हात कापतो, म्हणून लिहायला मी.

आणि खरंच पाठ होते हो! डोळे मिटून एकामागून एक सांगत गेला. फक्त अडचण अशी की माणसं जशी डोक्यात होती तशीच बाहेर पडली. बायोडेटात काय असतं? सुस्वरूप, सुशील, गृहकृत्यदक्ष. महिपतराव सांगत होता, "लिही. मुलगी हसरी, हसली की थांबत नाही. पुढचा. मुलगा चांगला, उंची बुटांसकट. पुढची. रंग सावळा, फोटोत पावडर आहे. पुढचा. पगार सांगतात तेवढा नाही, वडील तापट." मी लिहीत गेलो. माझं काम लिहायचं. सोनिकावर आला तेव्हा डोळे उघडले. मग म्हणाला, "सोनिका. चौतीस. आईला एकटी सोडणार नाही, आणि का सोडावी?"

दुपारी मी घरी जेवायला गेलो. तेवढा वेळ वहिनींनी लिहून घेतलं.

शनिवारी सकाळी वही घेऊन आम्ही किला गेटला लक्ष्मीकांतच्या छापखान्यात गेलो. महिपतराव म्हणाला, "ही नुसती माहिती आहे. नेहमीची गोड भाषा तू घाल." लक्ष्मीकांतच्या एका कानाला फोन, दुसऱ्या हातात चहा. "हां हां, सब हो जाएगा काका." गेल्या वर्षी त्यानं एक शब्द बदलला म्हणून याच महिपतरावानं त्याला भर दुकानात झापला होता, माझ्या मजकुराला हात लावायचा नाही म्हणून. त्यानं या वर्षी हात लावला नाही. दुपारपर्यंत छापून, गठ्ठे बांधून हॉलवर पोचवूनसुद्धा दिलं.

संध्याकाळी राजलक्ष्मी आली. काळा पडदा बघितला, फाटकं पाकीट बघितलं. पर्समधून एक पेनड्राइव्ह काढला, त्याच्यावरून मशीन उठवलं आणि दहा मिनिटांत म्हणाली, "बाबासाहेब, ये क्या कर डाला! मोठ्या भागाला तर धक्काही नाही लागला. दोनशे बाराच्या दोनशे बारा स्थळं जागेवर आहेत."

महिपतरावानं देवघराकडे बघून हात जोडले. मीही जोडले.

"लेकिन लहान भाग भरला कशानं?" ती शोधत राहिली. मग हळूच वळली. "बाहेरच्या डब्याची वायर कुठाय?"

"ती ना?" वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "गणपतीत काढली मी. आरासीला प्लग नको? नुसता बसलेला असतो तो डबा, त्याला काय रोज वीज पाजायची!"

म्हणजे गणपतीपासून रोज दिवेलागणीला महिपतराव श्रद्धेनं बटण दाबत होता आणि मशीनला बाहेरचा डबा काही सापडत नव्हता. मग ते रोज एक नवी आख्खी नक्कल आतल्याच लहान भागात रचून ठेवत होतं. दोनशे बारा स्थळं रोज नव्यानं वऱ्हाडासकट चढत होती. मागच्या दारानं! मी सगळ्यांकडे बघितलं. माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

राजलक्ष्मीनं त्या सगळ्या नकला काढल्या, लहान भाग नव्यानं बसवला. दोन तासांत मशीन गाणं म्हणायला लागलं. "चला, आता सूची छापायला पाठवते."

"ती तर छापून झाली," महिपतराव म्हणाला. "बंद असलं म्हणून काय झालं? माझ्याकडे माहिती होती." आणि सुनेसमोर छाती काढून बसला.

रविवारी दहाला पुस्तकं वाटली. हॉलमध्ये आधी चष्मे बाहेर निघाले. मग कुठूनतरी एक बाई फिस्सकन हसली. मग पानं उलटल्याचा असा आवाज सुरू झाला की पंखे ऐकू येईनात. एक गृहस्थ पुस्तकाची गुंडाळी करून व्यासपीठावर चढले आणि ओरडले, "'वडील तापट' हे कोणी लिहिलं? कोण तापट? समोर या, दाखवतो!"

महिपतराव उठला. सगळ्या समाजासमोर माझ्याकडे बोट केलं. म्हणाला, "अक्षर दौलतचं आहे."

पहिल्या पानावर लक्ष्मीकांतनं छापलेलंही होतं, 'लेखन : दौलतसिंह.' पुढचा एक तास मी पोह्यांच्या टेबलामागे काढला.

पण खरं ते खरंच सांगतो. इतक्या वर्षांत त्या हॉलमध्ये एवढ्या गाठीभेटी ठरल्या नव्हत्या. लोक म्हणाले, पहिल्यांदाच कळलं कोण कसं आहे. बुटांसकट उंचीच्या मुलाला तिघींनी विचारलं. आणि इंदुताईंच्या समोर एक विधुर, सरळ माणूस, खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "माझी आई गेली. तुम्ही आमच्याकडे राहिलात तर घराला घरपण येईल." इंदुताई पदर डोळ्यांना लावून माझ्याकडे बघून हसल्या. तो दिवस वाया गेला नाही, एवढं कबूल.

राहिला माझा नातू उत्कर्ष. त्याचं पान मी घरी येऊन उघडलं. ते नेमकं मी जेवायला गेलो तेव्हाचं. महिपतरावानं सांगितलेलं आणि वहिनींनी उतरवलेलं: 'उत्कर्ष. मुलगा सोनं. घरात आजोबा आहेत, सतत बोलतात, ऐकत नाहीत. मुलीला कानानं थोडं कमी येत असल्यास उत्तम.'

चौदा घरांतून फोन आले. पगार कोणीच विचारला नाही. चौदाही जणांनी पहिला प्रश्न एकच केला, आजोबा त्याच घरात राहतात का? माझा मुलगा चौदाही वेळा म्हणाला, "नाही नाही, ते वर असतात." आणि सोमवारी सकाळी माझी खाट गच्चीवरच्या खोलीत गेली.

खोली हवेशीर आहे, तक्रार नाही. खाली रस्ता दिसतो. रोज सात वाजता एक माणूस दुधाची किटली घेऊन खालून जातो आणि मुद्दाम वर बघत नाही. सांगणारा कोण होता ते कळल्यावर सगळ्यांनी माझी माफी मागितली, त्या तापट गृहस्थानंसुद्धा. एकट्या महिपतरावाची राहिली आहे.